साध्या ओटीजीत टूना नूडल कॅसरोल: डब्यातला टूना, बंदरावरचा कुपा आणि ओलाव्याचं गणित

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीत राहणारं, दोघंही नोकरी करणारं जोडपं, घरात साधा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन). सातला घरी पोचायचं आणि सव्वाआठपर्यंत पानं घ्यायची. टूना नूडल कॅसरोल, म्हणजे मॅकरोनी, टूना मासा आणि व्हाइट सॉस एकत्र करून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, एकदा कोरडा ठणठणीत झाला, एकदा तळाला पाणी साचलं. डब्यातल्या टूनाऐवजी बंदरावरचा कुपा, म्हणजे आपल्याकडचा ताजा टूना, चालेल का? आणि सासूबाईंना दूध आणि मासे एकत्र चालत नाहीत, त्यावर काय उपाय?

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. या पदार्थात ओव्हनला शिजवण्याचं काम जवळपास नसतंच. मॅकरोनी उकडलेली, सॉस तयार, आणि डब्यातला टूना तर दोनदा शिजलेला असतो: डब्यात भरण्याआधी एकदा आणि डबा सीलबंद केल्यावर जंतू मारण्यासाठी पुन्हा. आपल्याकडे करंदीचं भानोलं वर-खाली निखारे ठेवून भाजतात, तेव्हा आतलं बेसन कच्चं असतं आणि ते शिजायला तेवढी आच लागतेच. इथे कच्चं काहीच नाही. सगळं एकत्र मुरवायचं आणि वरचा थर खरपूस करायचा, एवढंच. म्हणून कॅसरोल कोरडा होणार की पाणचट, हे भांडं आत सरकवण्याआधीच ठरलेलं असतं. तुमचे दोन्ही बिघाड ओव्हनचे नाहीत, ओट्यावरचे आहेत.

चौघांसाठी, 20 बाय 20 सेंमीच्या आणि 5 सेंमी खोल भांड्याचं प्रमाण देतो. मॅकरोनी किंवा रुंद एग नूडल्स 200 ग्रॅम. टूनाचे 185 ग्रॅमचे दोन डबे, म्हणजे निथळून साधारण 250 ग्रॅम मासा. सॉससाठी लोणी 35 ग्रॅम, मैदा 35 ग्रॅम (चार सपाट टेबलस्पून), दूध 650 मिली. एक मध्यम कांदा बारीक चिरून, फ्रोजन मटार पाऊण वाटी, प्रोसेस्ड चीज 80 ग्रॅम किसून, मिरपूड एक छोटा चमचा, मोहरीची पूड अर्धा छोटा चमचा, असलं तर चिमूटभर जायफळ. वरच्या थराला शिळे पाव दोन आणि लोणी 20 ग्रॅम. मश्रूम आवडत असतील तर 100 ग्रॅम, पण त्यांना एक अट आहे, ती पुढे सांगतो.

अमेरिकेत या पदार्थाला कंडेन्स्ड क्रीम ऑफ मश्रूम सूपचा डबा वापरतात. कॅम्पबेलने ते सूप 1934 साली आणलं आणि तिथल्या घराघरांत हा पदार्थ त्याच्यावरच उभा राहिला. आपल्याकडच्या सूपच्या पाकिटाने तेच काम होईल असं समजू नका. पाकिटात मुख्यतः कॉर्नफ्लोर आणि मीठ. ओव्हनमध्ये तापून मग थंड झालं की कॉर्नफ्लोरचा सॉस पाणी सोडतो, आणि डब्यातला मासा व चीज आधीच खारट असल्याने मीठ हाताबाहेर जातं. मैद्याचा व्हाइट सॉस दहा-बारा मिनिटांत होतो. पाकीट फोडून त्यातल्या गुठळ्या मोडायलाही जवळपास तेवढाच वेळ जातो.

आता मॅकरोनी. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेली घ्या. बाजारात किलोवर सुटी मिळणारी मॅकरोनी बरेचदा मैद्याची असते. ती पाण्यात नीट दिसते, पण सॉसमध्ये पंधरा मिनिटं राहिली की लगदा होते. हक्का नूडल्स बारीक असल्याने सॉस पिऊन एकच गोळा होतात, आणि दोन मिनिटांत शिजणाऱ्या मसाला नूडल्स तर इथे अजिबात नकोत, त्या आधीच वाफवून तळलेल्या असतात. दोन लिटर पाण्यात एकच छोटा चमचा मीठ घाला आणि पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी उतरवा. दाताखाली मधोमध कडकपणा लागला पाहिजे, कारण उरलेलं शिजणं सॉसमधलं पाणी शोषून होणार आहे. पूर्ण शिजलेली मॅकरोनीही सॉस शोषतेच, फक्त फुगून फुटते. लगेच सॉसमध्ये मिसळणार असाल तर धुण्याची गरज नाही. आदल्या रात्री उकडून ठेवणार असाल तर मात्र गार पाण्याखाली धरा आणि चमचाभर तेल चोळा.

टूनाचा डबा घेताना चंक्स लिहिलेला घ्या. फ्लेक्स किंवा श्रेडेड स्वस्त पडतो, पण ढवळताना त्याचा भुगा होतो आणि सॉस करडा दिसतो. मिठाच्या पाण्यातला असेल तर गाळणीत ओतून वरून वाटीने दाबा आणि पाच मिनिटं तसाच राहू द्या. तळाला साचणाऱ्या पाण्याचा पहिला संशयित हाच. नुसतं झाकण दाबून पाणी ओतलं तरी प्रत्येक डब्यात दोन-तीन चमचे पाणी राहतं. तेलातला असेल तर तेल निथळून टाका. त्या तेलात कांदा परतायचा मोह होतो, पण मग घरभर डब्याचा वास सुटतो. फुगलेला किंवा शिवणीवर पिचलेला डबा उघडूही नका.

बंदरावरचा कुपा चालतो. नीट घेतलात तर डब्यापेक्षा सरसच होतो. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, कुठेही मासेमारी बंदीचे महिने सोडले तर कुपा किंवा त्याच जातीचा गेदर दिसतोच, आणि सुरमईच्या मानाने भाव बराच कमी असतो. पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, बर्फ. कुपा आणि बांगडा या जातीच्या माशांत हिस्टिडीन हा प्रथिनांतला घटक भरपूर असतो. मासा गरमीत पडून राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. मग खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, छातीत धडधड, अंगावर पित्त उठल्यासारख्या गांध्या. घरात ‘बांगडा बाधला’ म्हणतात त्यातला बराच भाग हाच असतो. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, गोठवून किंवा बेक करून जात नाही, आणि मासा दिसायला-वासाला ठीक असूनही ते असू शकतं. म्हणून संध्याकाळी टोपलीत उघडा पडलेला कुपा, कितीही स्वस्त असो, घेऊ नका. सकाळी बर्फातला घ्या, लगेच साफ करून फ्रिजमध्ये टाका आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी वापरा. शिजल्यावर जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर सगळं फेकून द्या.

दुसरी, लाल मांस. कुप्याच्या दोन्ही बाजूंना कण्याच्या रेषेत काळपट लाल पट्टा असतो. आमटीत, वाटपाच्या जोरावर तो खपून जातो. दुधाच्या सॉसमध्ये त्याचा उग्र, लोखंडी वास वर येतो. मासे कापणाऱ्या बाईला आडव्या तुकड्या करू देऊ नका. कण्याला लागून लांबट चार भाग करायला सांगा आणि लाल पट्टा वेगळा काढायला सांगा. तो टाकायचा नाही, त्याचं तिखलं उत्तम होतं. अख्ख्या माशाच्या वजनाच्या निम्म्याहून बरंच कमी उजळ मांस हाती येतं, म्हणून 350 ग्रॅमसाठी सव्वा किलोपर्यंतचा गेदर मागा.

हे भाग 3 सेंमी जाडीचे असतील तर लिटरभर पाण्यात छोटा चमचाभर मीठ, चार मिरीदाणे आणि एक तमालपत्र घालून, पाणी खळखळू न देता आठ-दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा आणि त्याच पाण्यात कोमट होऊ द्या. जोरात उकळला तर कुपा लाकडासारखा होतो; मग त्यावर कितीही सॉस ओता. हळद नको, सॉस पिवळा पडतो. आगळ किंवा लिंबू तर मुळीच लावू नका. माशाला आंबट लावायची सवय हाताला असते, पण इथे पुढे दूध आहे आणि आंबट लागलेल्या माशाने सॉस फाटतो. कोमट झाल्यावर हाताने मोठे मोठे पापुद्रे सोडवा, भुगा करू नका. काटे बोटांना लागतात ते तेव्हाच काढा.

सॉस जाड बुडाच्या पातेल्यात करा. मंद आचेवर लोणी वितळवून कांदा सहा-सात मिनिटं परता. तो पारदर्शक व्हायला हवा, लाल नको. मग मैदा घालून दोन मिनिटं, कच्चा वास जाईपर्यंत हलवा. आता दूध. पहिलं अर्धी वाटी दूध घालून पूर्ण एकजीव होऊ द्या. ती घट्ट लापशी दिसली की पुढचं अर्धी वाटी, आणि मग उरलेलं धारेने. गुठळ्या होतात त्या सगळं दूध एकदम ओतल्याने. दूध गार की गरम याने फारसा फरक पडत नाही. झाल्याच तर रवीने घुसळा किंवा सरळ गाळून घ्या, त्यात कमीपणा नाही. मैदा उकळीच्या जवळ गेल्याशिवाय दाटत नाही, म्हणून सॉस पातळ दिसतोय म्हणून मध्येच आणखी मैदा टाकू नका. उकळी आल्यावर तीन-चार मिनिटं मंद आचेवर ढवळत ठेवा.

किती दाट? कोरड्या कॅसरोलचं उत्तर इथे आहे. ताकाच्या कढीहून थोडा दाट, एवढाच. डावाच्या पाठीला पातळ थर बसावा आणि बोट ओढलं तर रेघ राहावी, पण डाव उचलला की सॉस झरझर वाहिला पाहिजे. सँडविचवर पसरता येईल असा घट्ट सॉस पातेल्यात झकास दिसतो. वीस मिनिटांनी मॅकरोनी त्यातलं पाणी पिऊन टाकते आणि उरतो तो गोळा. सगळं मिसळल्यावर ‘जरा जास्तच पातळ झालं’ असं वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर पाव वाटी दूध आणखी घाला. कुपा उकडलेलं पाणी असेल तर त्यातलं घाला, ते जास्त चवदार लागतं.

गॅस बंद करून मग चीज घाला. प्रोसेस्ड चीज तसं सहनशील असतं, पण चेडार वापरत असाल तर उकळत्या सॉसमध्ये ते रवाळ होतं. मीठ सर्वांत शेवटी, चाखून. खारं लोणी, चीज आणि डब्यातला मासा मिळून बहुतेक वेळा आणखी मीठ लागतच नाही. मालवणी मसाल्याचा मोह होणारच. घालायचा तर अर्धा छोटा चमचा, कांद्याबरोबर लोण्यात परतून. तयार सॉसवर भुरभुरवलेला मसाला कच्चा लागतो आणि रंगही विटका येतो. माझं मत विचाराल तर मिरपूड आणि मोहरीच बरी. तिखटाची हौस बाजूला ठेवलेल्या लोणच्यावर भागवावी.

मटार फ्रीजरमधून काढून गाळणीत गार पाण्याखाली धरा, बर्फ गेला की निथळून तसेच घाला. मश्रूमची अट ही: आधी वेगळ्या तव्यावर मोठ्या आचेवर, त्यांना सुटलेलं पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. कच्चे टाकलेत तर ओव्हनमध्ये बरंच पाणी सोडतील. टोमॅटो, दुधी, कोबी यांचंही तेच; रोजच्या घाईत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

दूध आणि माशांचा प्रश्न. आयुर्वेद हा विरुद्ध आहार मानतो आणि कोकणातल्या कितीतरी घरांत तो पाळला जातो. मासे-दुधाने अंगावर पांढरे डाग येतात याला आधुनिक वैद्यकात आधार नाही, पण जेवणाच्या टेबलावर हा वाद घालून काही साधत नाही. नारळाचं दूध घ्या, पदार्थ अस्सल इकडचा होतो. एका मोठ्या नारळाचं पहिलं घट्ट दूध 200 मिली वेगळं ठेवा, दुसरं-तिसरं मिळून 450 मिली काढा. लोण्याऐवजी दोन टेबलस्पून खोबरेल. कांद्याबरोबर एक हिरवी मिरची आणि बोटाच्या पेराएवढं आलं. मैदा तेवढाच. पातळ दूध वरच्यासारखंच थोडं थोडं घालून उकळा आणि घट्ट दूध गॅस बंद केल्यावर मिसळा. जोरात उकळलं तर नारळाचं दूध फाटतं. मैद्यामुळे जरा सावरतं, पण भरवसा ठेवू नका. चार-पाच तिरफळं ठेचून पातळ दुधात उकळून काढून टाकली तर कुप्याबरोबर फार छान जमतं. मात्र या प्रकारात चीज नको, दोन्ही चवी एकमेकींना मारतात. चीज नसल्याने इथे मीठ मात्र लागेल, अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा.

भरताना भांड्याला तुपाचा हात लावा. आधी मॅकरोनी आणि मटार सॉसमध्ये मिसळा, मासा शेवटी घाला आणि दोन-तीनदाच खालून वर करा. भांड्यात 4 सेंमीपेक्षा उंच थर नको. खोल भांड्यात वरचं करपतं आणि मधलं कोमटच राहतं. वर पावाचा चुरा. शिळा पाव हाताने कुस्करून वितळलेल्या लोण्यात घोळवायचा. कोरडा चुरा टाकला तर तो रंग न येता नुसता सुकतो. बेकरीचे टोस्ट वापरू नका, गोड असतात. खारे बटाटा वेफर्स चुरून घालणं ही तिकडची जुनी रीत आहे आणि ती चांगली लागते. फणसाचे तळलेले गरेही चालतात. मात्र वेफर्स असोत की गरे, शेवटच्या पाच मिनिटांतच घाला. पावसाळ्यात उघडं पाकीट तासाभरात सादळतं, तर वाफाळत्या सॉसवर वीस मिनिटं काय होईल?

ओटीजी 190 अंशांवर दहा मिनिटं तापवा. भांडं मधल्या खाचेत, दोन्ही रॉड चालू, 18 ते 20 मिनिटं. कडेला बुडबुडे दिसले की फक्त वरचा रॉड चार-पाच मिनिटं, आणि तेव्हा समोरून हलू नका. सोनेरी ते काळा हा प्रवास दोन मिनिटांचा असतो. बाहेर काढून दहा मिनिटं झाकण न ठेवता राहू द्या. लगेच वाढलं तर सॉस पसरतो आणि पाणी सुटलं असं वाटतं. खरं तर तो अजून बसलेला नसतो. काचेचं भांडं ओल्या ओट्यावर टेकवू नका, खाली लाकडी पाट किंवा जाड फडकं घ्या.

पावसाळ्यात वीज मध्येच गेली किंवा व्होल्टेज उतरलं तर कढई आहेच. जाड कढईत दीड सेंमी मीठ पसरून वर कडं ठेवा, झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. अॅल्युमिनियमच्या केकच्या भांड्यात कॅसरोल भरून आत ठेवा, झाकणाला आतून फडकं बांधा म्हणजे वाफेचं पाणी वर टपकत नाही आणि फडक्याची टोकं झाकणावर गुंडाळा, आचेकडे लोंबू देऊ नका. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. काचेचं भांडं कढईत नको. वरून आच नसल्याने रंग येणार नाही, म्हणून पावाचा चुरा तव्यावर लोण्यात कुरकुरीत करून वाढताना भुरभुरवा.

तुमच्या घड्याळात बसवायचं तर आल्या आल्या मॅकरोनीचं पाणी ठेवा आणि टूना निथळत टाका. पाणी उकळेपर्यंत कांदा चिरून होतो, मॅकरोनी शिजेपर्यंत सॉस निम्म्यावर येतो. साडेसातला भांडं आत, आठच्या आत बाहेर. कुपा असेल तर सकाळीच उकडून, पापुद्रे करून फ्रिजमध्ये ठेवा; संध्याकाळी कच्च्या माशाला हात लावायला वेळ नसतो. आदल्या रात्री सगळं भरून ठेवायचं असेल तर सॉसमध्ये 100 मिली दूध जास्त घाला, चुरा मात्र ऐनवेळी. फ्रिजमधलं काचेचं भांडं थेट तापल्या ओव्हनमध्ये गेलं तर तडकू शकतं, अर्धा तास बाहेर राहू द्या. मग फॉइलने झाकून 180 वर 25 मिनिटं आणि उघडून दहा.

वाराचा दिवस असेल तर हेच प्रमाण, माशाऐवजी 200 ग्रॅम मश्रूम परतून आणि वाटीभर मक्याचे दाणे. पदार्थ जड आहे, सोबत आंबट काहीतरी हवंच: काकडीची लिंबू पिळलेली कोशिंबीर किंवा सोलकढी.

उरलेलं कोकणातल्या उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं. गार झाल्यावर ते सुरीने वडीसारखं कापता येईल इतकं घट्ट होतं. गरम करताना प्रत्येक वाढणीमागे दोन चमचे दूध, नारळाचं केलं असेल तर नारळाचंच, घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर पाच मिनिटं, मध्ये एकदाच हलवून. दुसऱ्या दिवशीच्या डब्यात न्यायचं असेल तर पावाचा चुरा वेगळ्या पुडीत द्या.